आधी सॉरी म्हण

मुलाचं निदान झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि पुढे बराच काळ मी नातेवाइकांना एकच वाक्य ऐकवत असे. "ऑटिझम नाही हो, अ‍ॅस्पर्गर आहे." डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' असंच लिहिलेलं होतं. डॉक्टरबाई बोलता बोलता एवढंच म्हणाल्या होत्या की, अशा मुलांना पूर्वी अ‍ॅस्पर्गर म्हणत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतून ते नाव वगळलं आणि सगळं ऑटिझममध्ये घेतलं. मी ते वगळलेलं नाव तेवढं उचलून घरी आणलं.

नाव सोयीचं होतं. ऑटिझम म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. अ‍ॅस्पर्गर म्हटलं की कुणाला काही कळायचं नाही, मग मला हवं ते सांगता यायचं. "हुशार मुलांमध्ये असतं हे. सौम्य आहे." एका चुलतभावाने विचारलं, "म्हणजे शाहरुखच्या 'माय नेम इज खान'मध्ये होतं तसं?" मी घाईघाईने हो म्हणालो. दवाखान्याबाहेरच्या बाकांवर एक मुलगा बसलेला असायचा, माझ्या मुलाच्याच वयाचा. बोलत नसे, हात फडफडवत असे, मध्येच मोठा आवाज काढी. त्याचे वडील माझ्याकडे बघून ओळखीचं हसत. मी मुलाला घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसायचो. आम्ही तुमच्यातले नाही, हे त्या गृहस्थांना कळावं म्हणून. त्यांना ते कळलं असणार, कारण पुढे ते हसेनासे झाले.

या नावामागचा इतिहास मी फार उशिरा वाचला. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ साली चार मुलग्यांचं वर्णन करणारा निबंध लिहिला. आवडत्या विषयावर अखंड बोलणाऱ्या अशा मुलांना ते 'छोटे प्रोफेसर' म्हणत. निबंध जर्मनमध्ये, तोही ऐन युद्धात, त्यामुळे बाहेरच्या जगात तो फारसा कुणी वाचला नाही. १९८१ मध्ये लोर्ना विंग या इंग्लिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या लक्षणांना त्यांचं नाव दिलं आणि ते सगळीकडे गेलं. विंगबाईंची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. मग २०१८ मध्ये हेर्विग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नातली जुनी दप्तरं उघडून दाखवली. नाझी राजवटीत तिथल्या श्पीगेलग्रुंड या संस्थेत अपंग मुलं मारली जात होती, आणि दोन लहान मुलींना तिथे पाठवण्याची शिफारस अ‍ॅस्पर्गरांची होती. दोघी तिथेच गेल्या. उपयोगी पडतील ती मुलं एकीकडे, बाकीची दुसरीकडे. वाचताना मला दवाखान्यातले ते बाक आठवले.

नावाचा हा सोस मुलाला महागात पडला. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र काढलं असतं तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळाली असती. पण त्या कागदावर 'दिव्यांग' लिहिलेलं असणार, म्हणून मी अर्ज दिला नाही. बायको दोनदा कागदपत्रं गोळा करून बसली. मी म्हणायचो, दहावीला बघू. हा मुलगा पेपरात सगळं येत असून अर्ध्यावर सोडून यायचा, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या मनासारखं पूर्ण झाल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावत नसे. आणि मी त्याला आळशी म्हणायचो.

निदानाच्या आधीची वर्षं याहून वाईट. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे एखादा जॉब रिजेक्ट झाला तर 'व्हाय-व्हाय' करावं लागतं. का झालं, मग त्याचं का, असं पाच पायऱ्या खाली उतरायचं. 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' एवढं लिहून फॉर्म बंद केला तर ऑडिटर तो परत उघडतो. घरी माझा फॉर्म पहिल्याच 'का'वर बंद व्हायचा. का? तर हट्टी आहे, लाडावलाय.

शाळेच्या डायरीत शेरे यायचे. रांगेत उभा राहत नाही. मधल्या सुट्टीत मारामारी करतो. शिक्षकांना उलट बोलतो. हे उलट बोलणं म्हणजे काय, तर गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वर असं फळ्यावर लिहिलेलं पाहून हा उठून म्हणाला, "त्र्यंबकेश्वर गावाचं नाव आहे. उगम ब्रह्मगिरीवर." वर्ग हसला. त्याला वाटलं, बाईंना मदत झाली. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाईंसमोर उभा करून माफी मागायला लावली. तो मागेना. चूक नसताना माफी मागणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलू नये हे मीच शिकवलेलं. शेवटी मी दंड आवळला तेव्हा तो 'सॉरी' म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या दृष्टीने सॉरी म्हणजे दंड सोडवून घ्यायचा शब्द झाला. पुढे तो कुणाला धक्का लागला तरी, नाही लागला तरी सॉरी म्हणू लागला. घरी कौतुक झालं, सुधारणा आहे म्हणून.

"माझ्याकडे बघून बोल" हेही माझंच. एकदा त्याने विचारलं, "बघू की ऐकू? एक काहीतरी सांगा." मी एक ठेवून दिली. तो खरं विचारत होता. डोळ्यांत बघितलं की त्याला समोरच्याचे शब्द ऐकूच येत नसत, हे त्याने नंतर एका थेरपिस्टला सांगितलं. मला सांगायचा प्रयत्न त्याने केलाच होता.

त्याचं वेड धरणांचं. पावसाळ्यात नाशिकच्या पेपरांत धरणसाठ्याचा चौकोन येतो. गंगापूर, दारणा, मुकणे, पालखेड, कडवा. इतके टक्के साठा, इतका विसर्ग. तो चौकोन कापून वहीत चिकटवणं हे त्याचं सकाळचं काम. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, हे त्याने कुठून तरी मिळवलं. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, हा भागाकार त्याने स्वतः केला आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला, सिलिंडरवाल्यालासुद्धा, सांगितला. नांदूरमध्यमेश्वरातून जायकवाडीला किती पाणी गेलं यावरून नाशिक आणि मराठवाड्यात दरवर्षी जे भांडण होतं ते त्याला कळत नसे. पाणी उताराने जाणार, त्यात भांडायचं काय?

आणि मी शिक्षा म्हणून नेमकी ती वही कपाटात टाकायचो. मारामारी केलीस? आठवडाभर वही बंद. तो भिंतीवर डोकं आपटायचा. मला ते नाटक वाटायचं, मग आणखी आठवडा. त्या दिवसांचे आकडे परत मिळणार नाहीत, वहीत कायमची मोकळी जागा राहणार, हे त्याला सहन होत नसे. दिवसभरात शाळा, व्हॅन, डबा, मुलं, सगळं त्याच्यावर कोसळत असे. उद्या काय होणार ते आधीच माहीत असलेली एकच गोष्ट त्याच्याकडे होती, आणि तिची किल्ली माझ्या खिशात.

रहाडीचा दिवस मला अजून नीट आठवत नाही. म्हणजे आठवतो, पण तुकड्यांनी. नाशिकला रंग खेळतात तो रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात. एरवी जाड फळ्या टाकून, माती लोटून बुजवलेले हे दगडी हौद त्या दिवशी रंगाने भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, फुलापानांपासून उकळून केलेला, अंगावरून सहजी न उतरणारा. कडेवरून आत उडी घ्यायची, तो धप्पा. मी लहानपणी तिवंध्याच्या रहाडीत घेतला होता, माझ्या वडिलांनी त्यांच्या लहानपणी. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला, आता यालाही घ्यायला लावू, धीट होईल, असा माझा बेत. कपड्यांना ओलं लागलं तर हा कपडे काढून टाकायचा, कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवायचा. हे सगळं मला माहीत होतं. तरी नेलं. किंबहुना म्हणूनच नेलं.

ढोल वाजत होते. नाशिक ढोल देशभर लग्नांमिरवणुकांत वाजतो, आम्हाला त्याचा अभिमान. चिंचोळ्या चौकात तो छातीच्या आत वाजतो. त्याने माझी बोटं घट्ट धरली होती. "बाबा, किती वेळ?" "आता झालंच." गर्दीत कुणीतरी त्याला उचलून पुढे दिलं, मी हसत होतो, आणि तो रंगात गेला. वर आला तो किंचाळतच. ज्याने बाहेर काढलं त्याच्या हाताला चावला. मग जमिनीवर पडून पाय झाडायला लागला, डोळे फिरवले, ओकला. लोक म्हणाले, भूत बघितलं की काय पोराने. एक आजोबा म्हणाले, "घरी न्या त्याला, घरी न्या." मी सगळ्यांसमोर त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. त्याच्यासाठी नव्हत्या त्या, त्या चौकासाठी होत्या. ज्याच्या हाताला चावला त्या माणसाची माफी मागायला लावली. रंगाने भिजलेला, थरथरत असलेला मुलगा 'सॉरी काका, सॉरी काका' म्हणत राहिला, आम्ही गाडीवर बसून पंचवटी ओलांडेपर्यंत.

घरी बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचंही सांगायला हवं. माझी आई वारंवार म्हणायची, "हिने नोकरी केली ना, पोर एकटं पडलं, म्हणून असं झालं." पुढे बायकोने नोकरी सोडली. मग आई म्हणू लागली, "सारखी त्याच्या मागे असते, म्हणून असं झालं." दोन्ही वेळा मी पेपर वाचत होतो. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम नावाचे एक गृहस्थ १९६७ साली पुस्तक लिहून हेच सांगत होते, की आईच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात. त्या आयांना 'फ्रिज' म्हणायची पद्धत पडली होती. खरं म्हणजे त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलंड यांनी हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे असं मांडलं होतं. तेही अशाच एका मुलाचे वडील. आमच्या घरात बेटलहाइम कुणी वाचलेला नव्हता. त्याची गरजही नव्हती.

निदानानंतर मी मारणं थांबवलं. ओरडणं थांबलं नाही, आणि 'सॉरी म्हण' तर अजिबात नाही. उलट आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. या मुलांना सहानुभूती कळत नाही असं वाचलं होतं, मग ती शिकवायला नको का? मी एक तक्ता केला. कुणी रडत असेल तर, 'काय झालं?' विचारायचं. कुणी आजारी असेल तर, 'काळजी घ्या.' कुणाकडे मयत झालं तर गप्प बसायचं. त्याने तो पाठ केला.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. श्रावण नुकताच लागला होता, दुसऱ्या दिवशी नागपंचमी. माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे दाजींचं, दहीपुलाजवळ पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे. महिन्याभराचा माल भरलेला होता. वाती, कापूर, अगरबत्ती, जानवी, सगळं पाणी लागलं की गेलं असं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढत चालला होता. नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, असं एकमेकांना फोनवर सांगतात. त्या दिवशी पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं, सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल सगळीकडे शिरलं.

आदल्या दिवसापासून आमचे चिरंजीव आत्याला फोन करत होते. आकडा सांगायचा आणि फोन ठेवायचा. "आत्या, विसर्ग वाढवला, आता इतके क्युसेक." ताई म्हणायची, "बरं रे बाळा. जेवलास का?" तो म्हणायचा, "आत्या, होळकर पुलाखाली आता इतके." ती म्हणायची, "आईला दे बरं फोन." माझ्या बहिणीला रविवारचा स्वयंपाक होता, मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. सारखं काय त्रास द्यायचा लोकांना?

पाणी उतरल्यावर आम्ही भेटायला गेलो. दुकानात गुडघाभर चिखल, त्यात वातींचे लगदे. ताई फळीवर बसून रडत होती. तक्त्याप्रमाणे त्याने विचारलं, "काय झालं?" ताईने वर पाहिलं. काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं. मग तो म्हणाला, "एवढा विसर्ग असला की तुमच्या गल्लीत पाणी येणारच होतं. मी सांगितलं होतं." दुकानातले सगळे गप्प झाले. मी त्याला बाहेर ओढलं आणि जुनंच वाक्य म्हणालो. तो आत जाऊन 'सॉरी आत्या' म्हणाला. ताईने मान फिरवली.

रात्री तो जेवला नाही. त्याला ताप भरला. मध्यरात्री उठून बसला आणि विचारायला लागला, "आत्याच्या दुकानातली पहिली फळी जमिनीपासून किती फुटांवर आहे?" दुसऱ्या दिवशी त्याने एक कागद तयार केला, कोणत्या विसर्गाला कुठपर्यंत पाणी येईल आणि कोणता माल कोणत्या फळीवर ठेवावा असा. तो कागद पाहून मला कळायला लागलं की फोनवर तो काय सांगत होता. माल वर उचला, एवढंच. ते त्याने बोलून दाखवलं नाही, कारण आकडा ऐकल्यावर दुसरं काही सुचूच कसं शकतं, असं त्याला वाटत होतं. आणि ताई 'जेवलास का' म्हणत होती, ती त्याची काळजी करत होती, हे त्याला तितकंच कळलं नव्हतं. तो म्हणायचा, आत्या माझं ऐकतच नव्हती, जेवणाचं विचारत होती.

हे सांगून मुलगा बरोबर होता आणि आम्ही सगळे चूक, असं मला म्हणायचं नाही. ताईने मला नंतर सुनावलं ते योग्यच होतं. "त्याला आहे ते आहे, मला समजतं. पण माझा संसार चिखलात होता रे, आणि तो हिशेब सांगत होता." कागद तिने न बघता ठेवून दिला. दाजींनी पुढे फळ्या वर घेतल्या, त्याही सुताराच्या सांगण्यावरून.

त्यानंतर मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता दुसऱ्या टोकाला गेलो. डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली लिहिलं की सहानुभूतीचा हा अडथळा दोन्ही बाजूंचा आहे. तुम्हाला ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही, तर त्याला मात्र दोष का? २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटाने एडिंबऱ्यात प्रयोग केला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा. एक गोष्ट पहिल्याला सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं करत आठव्यापर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली जेवढी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. मला हे वाचून फार मोकळं वाटलं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं आणि दुसऱ्याचं दुःख जिव्हारी लागणं वेगळं, हेही कळलं. त्याला पहिलं जड जात होतं, दुसरं तर आमच्यापेक्षा जास्तच होत होतं. आता मी नातेवाइकांना हे सांगत सुटलो. शाळेत जाऊन सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. चार लोकांत त्याचा वकील झालो. वकिली करताना एक साक्षीदार मी तपासलाच नाही.

धाकटी लेक त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिला गुणगुणायची सवय. अभ्यास करताना, वेण्या घालताना, जेवताना तोंड मिटूनसुद्धा सूर चालू. त्याला तो आवाज टोचायचा. पहिल्यांदा तो 'थांब' म्हणायचा, दुसऱ्यांदा ओरडायचा, तिसऱ्यांदा हात उचलायचा. तिच्या दंडावर वळ असायचे. पूर्वी मी त्याला मारलं असतं. आता मी तिला समजावायचो. "अगं, त्याला आवाज सहन होत नाही, मुद्दाम नाही करत तो. तू समजूतदार आहेस ना?" समजूतदार मुलीने घरात गाणं बंद केलं. शाळेतून गाण्याच्या स्पर्धेची चिठ्ठी आली तर आम्हाला दाखवली नाही. एक दिवस भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, मलापण काहीतरी असायला पाहिजे होतं."

मी तेव्हा काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते. "असं बोलू नये," एवढंच म्हणालो.

एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला सोपं काम दिलं. भांडण झालं की लिहून ठेवायचं. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. कुणाची चूक ते लिहायचं नाही. मला हे कंपनीतून पाठ होतं आणि तरी मी एवढी वर्षं केलं नव्हतं. लिहिल्यावर दिसलं की बहुतेक मारामाऱ्या संध्याकाळी साडेसातच्या आसपास होतात. तेव्हा कुकर लागलेला, माझ्या बातम्या चालू, शेजारच्या मंदिरात आरतीची झांज, आणि बहीण समोर बसून गुणगुणतेय. तिचा सूर हा शेवटचा थेंब असायचा, पण दिसायचा तोच, म्हणून मार तिलाच. कुकर आम्ही सहाला लावायला लागलो. बातम्या मी हेडफोनवर ऐकतो, खरं म्हणजे बघितल्या नाही तरी चालतं. त्याला मागच्या बाल्कनीत खुर्ची दिली, साडेसातला तिथे जायचं, कुणी हाक मारायची नाही.

यानेही सगळं मिटलं नाही. बाईंनी दुसरं एक वाक्य सांगितलं होतं ते मला जास्त जड गेलं. कारण समजलं म्हणून मारणं माफ होत नाही. बहिणीला दुखतं ते कारणाने कमी दुखत नाही. मी आधी कारण न बघता शिक्षा करत होतो आणि नंतर कारण दिसलं म्हणून काहीच करत नव्हतो. दोन्ही वेळा तिसऱ्या माणसाला विसरून. मग आम्ही चौघं बसलो आणि नियम ठरवला. हात उचलायचा नाही, काहीही झालं तरी. उचलला तर सॉरी म्हणायचं नाही. सॉरीवर घरात बंदीच घातली. त्याऐवजी तिचं एक काम त्याने करायचं, कुठलं ते तिने सांगायचं. तिने लगेच सांगितलं, वाळत घातलेले कपडे काढून घड्या करणं. तो घड्या एवढ्या काटेकोर करतो की तिला त्याचाही राग येतो. आणि तिने काय करायचं? तिने गायचं. तिच्या खोलीत, दार लावून, पण गायचं. 'समजूतदार' हा शब्द मी तिच्यासाठी वापरायचा नाही, असंही एक कलम तिने घातलं. मी अजून कधी कधी वापरतो, आणि ती बोट दाखवते.

प्रमाणपत्र आम्ही अखेर काढलं. दहावीला जादा वेळ मिळाला. लेखनिक नको म्हणाला, माझी उत्तरं दुसरा कसा लिहील? टक्के किती पडले ते विचारू नका, तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोच. दवाखान्यातल्या त्या मुलाचे वडील मला मध्यंतरी कॉलेज रोडवर दिसले. मी थांबून नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही पुढे गेले असतील.

घरी परिस्थिती बरी आहे, चांगली नाही. त्याच्या खोलीच्या दाराला एक भोक आहे, ते लाथेने पडलंय, अजून बुजवलेलं नाही. ताई त्याच्याशी बोलते, पण जपून. बायकोने पुन्हा नोकरी धरली आहे आणि आईचं नवीन म्हणणं मी आता पेपर खाली ठेवून ऐकतो व उत्तर देतो. आई माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरते.

मागच्या महिन्यात लेकीचं गाणं होतं, कालिदास कलामंदिरात, आंतरशालेय स्पर्धा. मी गृहीत धरलं की सगळे जाणार, तिकडे भावाने टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. मनातल्या मनात मी तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा झालो होतो. तो म्हणाला, "मी येणार नाही. टाळ्यांचा आवाज मला चालत नाही, आणि मी मध्येच उठलो तर तिचं लक्ष जाईल." मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "बरं झालं. तू आलास की मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत बसते." त्याच्या तोंडावर म्हणाली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याला लागलं असेल का म्हणून. त्याने कार्यक्रम किती वाजता संपतो ते विचारलं, कारण जेवण साडेआठला असतं आणि कुकर कोण लावणार ते अजून ठरलेलं नव्हतं.